जुना मोबाइल सुरू होतोय तोवरच मार्गी लावा

जुना फोन घराबाहेर काढायचा असेल तर तो सुरू होतोय तोवरच काढा. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवती फिरते. फोन सुरू असेल तर त्यातले फोटो काढून घेता येतात, बँकेचं ॲप बंद करता येतं, माहिती पुसता येते, तो कुणाला वापरायला देता येतो, चार पैसेही हातात पडतात. तोच फोन "असू दे, लागला तर" म्हणून दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडला की बॅटरी मरते किंवा फुगते. आतली माहिती पुसायची सोय उरत नाही, किंमत जाते, आणि घरात राहतो तो पेट घेऊ शकणारा एक डबा.

आत असतं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा हिशेब असा आहे: दहा लाख मोबाइलमधून साधारण १६ टन तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम मिळू शकतं. म्हणजे एका फोनमागे सोनं जेमतेम ३४ मिलिग्रॅम. एकट्या फोनमधून कुणाच्या हाती काही लागत नाही, पण लाखो फोन एका योग्य भट्टीत गेले तर खाणच उभी राहते. टोकियो ऑलिम्पिकची सगळी पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून केली होती. त्यासाठी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत ६२ लाखांहून जास्त मोबाइल गोळा झाले. दुसरीकडे, त्याच फोनमध्ये बॅटरीतलं कोबाल्ट आणि ज्वलनशील द्रव असतो, प्लास्टिक पेटू नये म्हणून घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनं असतात, जुन्या फोनच्या डाखात शिसं असतं. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला नोंद ठेवून, रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेलेला वाटा होता २२.३ टक्के.

आधी ठरवा: हा फोन खरंच संपलाय का?

फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. त्यामुळे चालणारा फोन आणखी दोन वर्षं वापरणं हे कोणत्याही पुनर्प्रक्रियेपेक्षा चांगलं. फोन मंद झाला, चार्ज दुपारपर्यंतही टिकत नाही, एवढ्यावर त्याला निकालात काढू नका. बॅटरी पाचशेच्या आसपास वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता घटणं स्वाभाविक आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घेतली की बरेच फोन पुन्हा मार्गाला लागतात. कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, फुटला असेल तर मात्र खर्चाचा अंदाज आधी घ्या. साध्या फोनचा कॉम्बो कधीकधी फोनच्या उरलेल्या किमतीपेक्षा महाग पडतो.

फोन चालतो पण कंपनीने सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे, असंही होतं. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप ठेवू नका. फोन लावणं, गाणी, रेडिओ, मुलांचा अभ्यासाचा व्हिडिओ यांसाठी तो चालेल. घरातल्या कुणाला देतानाही हे सांगूनच द्या.

माहिती आधी काढून घ्या

थेट रीसेट मारू नका. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते भरून येत नाही. पुढच्या गोष्टी एकेक करून उरका.

फोटो आणि व्हिडिओ नव्या फोनमध्ये किंवा संगणकावर उतरवा. "क्लाउडवर गेलेत" यावर विसंबू नका. दुसऱ्या उपकरणावर लॉगिन करून सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा फोटो उघडून बघा. व्हॉट्सॲपमधून आलेले फोटो पुष्कळदा बॅकअपच्या यादीत धरलेलेच नसतात.

नंबर कुठे साठवलेत ते तपासा. निम्मे गूगल खात्यात, काही सिमवर आणि काही फोनच्या मेमरीत, असा विखुरलेला प्रकार जुन्या फोनमध्ये हमखास आढळतो. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन "एक्स्पोर्ट" केलं की सगळे नंबर एका फाइलमध्ये येतात. ती फाइल स्वतःला मेल करून ठेवा.

व्हॉट्सॲपच्या गप्पा नव्या फोनवर न्यायच्या तर दोन्ही फोन शेजारी ठेवून, वायफाय चालू करून, सेटिंग्जमधल्या चॅट ट्रान्सफरने क्यूआर स्कॅन करा. दोन्हींकडे नंबर एकच हवा.

दोन पायऱ्यांच्या लॉगिनसाठी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातली खाती आधी नव्या फोनवर हलवा. हे राहून गेलं आणि फोन रीसेट झाला, तर मेल, शेअर खातं, ऑफिसचं लॉगिन सगळं अडकतं, आणि प्रत्येक ठिकाणी ओळख पटवत बसावं लागतं.

यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू करून एक रुपया पाठवून बघा. ते जमलं की जुन्या फोनवरून प्रत्येक ॲपमध्ये लॉगआउट किंवा डीरजिस्टर करा. नुसतं ॲप काढून टाकणं पुरेसं नाही, बँकेकडे त्या उपकरणाची नोंद तशीच राहते. ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर सुरू करून जुन्यातलं काढा.

मग पुसा, आणि पुसण्याचा क्रम पाळा

पुनर्वापराला येणारे कितीतरी चांगले फोन एकाच कारणाने वाया जातात: मालक खातं न काढताच फोन देतो. अँड्रॉइड ५.१ पासून फोनमध्ये एक कुलूप आहे. बाहेरून, म्हणजे आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून रीसेट केला, की फोन सुरू होताना आधीच्या मालकाचं गूगल खातं मागतो. आयफोनमध्ये असंच कुलूप आयओएस ७ पासून आहे. चोराला अडवण्यासाठी हे उत्तम. पण दुरुस्ती करून पुढे विकणाऱ्याच्या हातात असा फोन आला की तो त्याच्या काहीच कामाचा नसतो. त्याचा कॅमेरा, डिस्प्ले काढून घेतात आणि बाकी धडधाकट बोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, भंगारात जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. फोन किमान ५० टक्के चार्ज करा. स्क्रीन लॉक काढा. सेटिंग्जमधल्या खात्यांच्या यादीत जाऊन गूगल खातं काढा. सॅमसंग असेल तर सॅमसंग खातं आणि शाओमी असेल तर शाओमीचं खातंही काढा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टिचकी मारून साइन आउट करा, म्हणजे "फाइंड माय" बंद होतं. हे झाल्यावरच सेटिंग्जमधून "सगळी माहिती पुसा" हा पर्याय निवडा. पाच-दहा मिनिटांत स्वागताचा पडदा येतो. वायफाय जोडून दोन पावलं पुढे जा. जुनं खातं मागत नाही ना, एवढं बघा आणि तिथेच बंद करा.

रीसेट केलेल्या फोनमधून माहिती परत काढता येते का, ही शंका रास्त आहे. आयफोनमध्ये आणि अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये माहिती मुळातच कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असते. रीसेट त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. मेमरीत जे उरतं त्याला काही अर्थ लागत नाही. अँड्रॉइड ५ किंवा त्याआधीच्या फोनबद्दल मात्र हे गृहीत धरू नका. तिथे सेटिंग्जमध्ये सुरक्षेखाली "फोन एन्क्रिप्ट करा" हा पर्याय शोधा, फोन चार्जरला लावून ठेवा (साधारण ८० टक्के चार्ज असल्याशिवाय तो सुरूच होत नाही), तासभर लागू शकतो, मधे बंद करू नका. मग रीसेट करा. तो पर्याय नसेल तर रीसेट करून फोन टेबलावर उपडा ठेवा, मेमरी भरेपर्यंत काळोखाचा व्हिडिओ घेऊ द्या आणि पुन्हा एकदा रीसेट करा. जुन्या माहितीवर नवी लिहिली जाते.

आता सिमचा ट्रे बाहेर काढा. सिम आणि मेमरी कार्ड आत विसरण्याचं प्रमाण खूप आहे, आणि मेमरी कार्ड रीसेटने आपोआप पुसलं जात नाही. झटपट फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटोही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत येतात. कार्ड पुन्हा वापरायचं असेल तर संगणकावर पूर्ण फॉरमॅट करा. वापरायचं नसेल तर कात्रीने तीन-चार तुकडे करा. पिवळ्या पट्ट्यांना समांतर नुसतं टोक कापून भागत नाही, कात्री काळ्या भागाच्या मधून जायला हवी. बंद झालेलं सिमही चिपच्या मधोमध कापा. तुकडे ई-कचऱ्याच्याच पिशवीत टाका.

एक गोष्ट मात्र रीसेटच्या आधीच करून ठेवा: *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख पटवणारा क्रमांक दिसेल, दोन सिमच्या फोनमध्ये दोन. वहीत लिहून घ्या. रीसेटनंतर आठवलं तर तो सिमच्या ट्रेवर, खोक्यावर किंवा बिलावर सापडतो.

फोन सुरूच होत नसेल तर

वर्षानुवर्षं पडलेल्या फोनची बॅटरी पार उतरलेली असते. मूळ, सावकाश चार्ज करणाऱ्या चार्जरला लावा. झटपट चार्ज करणारा नको. पहिली पंधरा-वीस मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. फोन फरशीवर ठेवा, गादीवर किंवा सोफ्यावर नाही, आणि तिथेच थांबा. हे सांगण्यामागे कारण आहे: बॅटरी दीर्घकाळ पूर्ण उतरलेली राहिली की आतला तांब्याचा पत्रा थोडा विरघळतो आणि चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं, आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. फोन कोमटपेक्षा जास्त तापला, गोडसर रसायनाचा वास आला किंवा पाठ उचलली गेली तर प्लग काढा. पुन्हा प्रयत्न करू नका.

फोन वाजतो, थरथरतो, पण दिसत काही नाही, याचा अर्थ बोर्ड शाबूत आहे, कॉम्बो गेला आहे. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे दुसरा कॉम्बो तात्पुरता जोडून रीसेट करून मिळतो. समोर बसून करून घ्या, फोन ठेवून येऊ नका. बोर्डच गेला असेल तर दुसऱ्या उपकरणावरून आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यात जा, उपकरणांच्या यादीतून तो फोन काढा, महत्त्वाचे पासवर्ड बदला, आणि बोर्ड यंत्रात चिरडणाऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रातच तो द्या.

हातोड्याने फोन फोडून माहिती नष्ट करायचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तसं करू नका. मेमरीची चिप नखाएवढी असते, ती बहुधा वाचते. फुटते ती बॅटरी.

बॅटरीची परीक्षा

फोन कव्हरमधून काढून गुळगुळीत फरशीवर पालथा-उताणा ठेवा आणि एका कोपऱ्याला हलकेच बोट लावून फिरवा. सपाट फोन घासत थांबतो. बॅटरी फुगलेली असेल तर तो मधल्या उंचवट्यावर भिंगरीसारखा गरगर फिरतो. काच कडेने उचललेली दिसणं, पडद्यावर उजळ किंवा पिवळट डाग येणं, बाजूचं बटण दाबायला जड जाणं, ही बाकीची लक्षणं. आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि मऊ पाकिटातली बॅटरी पापडासारखी फुगते. उष्णता, निकृष्ट चार्जर, वय, तिन्हींनी हे घडतं.

फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्ज करू नका. सुरू असेल तर बंद करा. उचललेली काच दाबून बसवू नका, "हवा काढायला" टाचणी तर अजिबात लावू नका. आतले धन आणि ऋण थर केसाएवढ्या पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. तो फाटला की दोन्ही थर भिडतात, तापमान काही सेकंदांत शेकडो अंशांवर जातं. स्टीलच्या जुन्या डब्यात किंवा मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घ्या, फोन त्यात ठेवा, वरून वाळू घाला. झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. डबा गॅलरीत सावलीत, पडदे, कागद आणि गॅस सिलिंडरपासून लांब ठेवा. दोन-चार दिवसांत स्वतः नेऊन सर्व्हिस सेंटरला द्या. कुरिअरने पाठवू नका, आणि नेताना दुचाकीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नका.

धूर आलाच तर माणसं खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. तो धूर नुसता काळा नसतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड हा फुप्फुसं जाळणारा वायू असतो. चार्जर जोडलेला असेल तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. लांबून भरपूर पाणी ओतलं तर बॅटरी थंड होते. पेला-दोन पेले पुरत नाहीत, बादली लागते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा भडकू शकते, म्हणून लगेच हात लावू नका. आग पसरत असेल तर १०१ लावा.

जुन्या बटणांच्या फोनची बॅटरी निघते. बीएल-५सी ही नोकियाची बॅटरी तर अजून छोट्या एफएम रेडिओत चालते. ती चांगली असेल तर रेडिओत वापरा. देऊन टाकायची असेल तर सोनेरी टोकांवर सेलोटेप चिकटवा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. एकाच पिशवीत दहा बॅटऱ्या, किल्ल्या आणि नाणी अशी मिसळ झाली की टोकं एकमेकांना लागून ठिणगी पडते. बंद पाठीच्या फोनची बॅटरी मात्र घरी काढू नका. ती डिंकाने चिकटवलेली असते आणि ओपनर घुसवताना हमखास भोसकली जाते. अख्खा फोनच द्या.

घंटागाडीत का नाही

ओला, सुका, सॅनिटरी, कोणत्याच डब्यात फोन किंवा बॅटरी टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबून बसवणारं यंत्र असतं. त्यात बॅटरी चेपली की गाडीतच आग लागते, आणि ती विझवायला जाणारा कामगार हातमोज्यांशिवाय उभा असतो. फोनच्या खोक्यावर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

भंगारवाल्याबद्दल दोन शब्द. रद्दी, लोखंड, बाटल्या गोळा करण्यात त्याच्यासारखा कुशल कुणी नाही, आणि त्याला दूषणं देण्यात अर्थ नाही. प्रश्न त्याच्या पुढच्या साखळीत आहे. अनधिकृत ठिकाणी बोर्ड उघड्या टबात आम्लात उकळतात, वायरी जाळून तांबं काढतात. सोनं थोडंफार हाती लागतं, बाकीचे धातू आणि वापरलेलं आम्ल गटारात जातं. पीव्हीसीच्या वायरी जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं आणि ते तिथल्याच माणसांच्या आणि पोरांच्या अंगात उतरतं. म्हणून रद्दी त्याला द्या, फोन देऊ नका.

"बंद मोबाइल द्या, टोपली घ्या, टब घ्या" अशी ध्वनिफीत लावून येणाऱ्यांना तर मुळीच देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणात पोलिसांनी असे गावोगाव फिरून गोळा केलेले सुमारे चार हजार जुने फोन पकडले. ते दुरुस्त करून ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना विकले जात होते. फोन तुमच्या नावच्या बिलाचा असेल तर पोलिसांचा पहिला फोन कुणाला येईल?

मग द्यायचा कुठे

चालणाऱ्या फोनला पहिली वाट म्हणजे नवा घेताना एक्स्चेंज, किंवा जुने फोन विकत घेणारी कंपनी. भाव ऑनलाइन दिसतो त्यापेक्षा दारात कमी होतो, कारण ओरखडे, कॅमेरा, बॅटरी तपासली जाते. पावती घ्या, तीवर आयएमईआय लिहून घ्या.

न चालणाऱ्या फोनला सोपी वाट म्हणजे त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर. भारतातले सध्याचे ई-कचरा व्यवस्थापन नियम २ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार विकलेल्या मालाच्या प्रमाणात पुनर्प्रक्रिया करून घ्यायची जबाबदारी उत्पादक कंपनीची आहे. मोबाइल त्यात येतो. बॅटऱ्यांसाठी ऑगस्ट २०२२ चे वेगळे नियम आहेत. ब्रँडच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत "ई-वेस्ट" असा दुवा असतो. तिथे टोल फ्री क्रमांक आणि संकलन केंद्रांची यादी मिळते. जाण्याआधी फोन करा. काउंटरवरच्या मुलाला ठाऊकच नसतं, "आम्ही घेत नाही" असं उत्तर येतं. मग तिथे उभं राहूनच टोल फ्री क्रमांक लावा आणि तक्रार क्रमांक घ्या, बहुतेक वेळा लगेच डबा सापडतो. ब्रँड बंद पडला असेल तर पुढची वाट धरा.

ती वाट म्हणजे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत केंद्रांची राज्यवार माहिती मिळते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही चौकशी करता येते. नाव, पत्ता आणि नोंदणीची मुदत तिन्ही जुळतात का बघा. "अधिकृत" असं व्हिजिटिंग कार्डावर कुणीही छापू शकतं. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते, तिथे राहणाऱ्यांना ते जवळचं पडेल. मॉलमधल्या किंवा ऑफिसातल्या डब्यात टाकायचं असेल तर डब्यावर केंद्राचं नाव आणि कुलूप आहे का पाहा, आणि पुसलेला फोनच टाका.

चांगल्या केंद्रात काय होतं? आधी बॅटरी हाताने काढतात, मग काच, ॲल्युमिनियमची चौकट, प्लास्टिक वेगळं होतं. बोर्ड चिरडून धातू काढायला जातो. त्यातून सोन्या-तांब्याबरोबर पॅलेडियमही निघतं, जे आम्लाच्या टबात वाया जातं.

फोनबरोबर चार्जर, केबल, इअरफोनही द्या. केबलमध्ये चांगलं तांबं असतं. सिलिकॉनचं कव्हर ई-कचरा नाही, ते सुक्यात. टेम्पर्ड काच कागदात गुंडाळून, वर "काच" लिहून टाका.

सोसायटीत गोळा करायचं असेल तर

एका-दोन फोनसाठी गाडी पाठवायला केंद्रं नाखूष असतात, ठरावीक किलोंची अट असते. फोन साधारण १५० ते २०० ग्रॅमचा. शंभर फोन झाले तरी वजन वीस किलोंच्या आतच. म्हणून घोषणा करताना चार्जर, केबल, राउटर, रिमोट, कीबोर्डही मागवा, मग गाडी सहज येते.

गाडीची तारीख आधी पक्की करा, संकलनाचा रविवार नंतर ठरवा. उलटं केलं की खोकी महिनाभर क्लबहाउसच्या कोपऱ्यात पडतात, आणि जमवलेल्या शंभर बॅटऱ्या एका खोलीत ठेवणं हा खरा धोका असतो. टेबलावर तीन खोकी ठेवा: सुरू होणारे फोन, बंद फोन, आणि टोकांना टेप लावलेल्या सुट्या बॅटऱ्या. शेजारी वाळूचा डबा हवाच. दर मोहिमेत एखाद-दुसरा फुगलेला फोन निघतो आणि आणणाऱ्याला त्याची कल्पना नसते, म्हणून प्रत्येक फोन घेताना फरशीवर फिरवून बघा. एका स्वयंसेवकाने फक्त रीसेट आणि सिमचा ट्रे तपासायचा. ज्येष्ठांना खातं काढायला मदत करताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या, पासवर्ड त्यांनीच टाकावा. फोन कागदात गुंडाळून उभे रचा. एकावर एक ढीग केला की खालच्या बॅटरीवर भार येतो.

वहीत घर क्रमांक, नगांची संख्या आणि वजन लिहा. गाडी आली की वजन समोर करून घ्या आणि केंद्राच्या नावाची पावती घ्या. माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर ते आधीच सांगावं लागतं, माल गेल्यावर मागून मिळत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

भारतात येताना गावाकडे वाटायला जुने फोन आणणार असाल तर ते हातातल्या सामानात ठेवा. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, आणि फुगलेली बॅटरी विमानात कुठेच नेता येत नाही. मुळात न चालणारा फोन इथवर वाहून आणू नका. युरोपीय संघात ४०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या दुकानाला २५ सेंटिमीटरपर्यंतची छोटी उपकरणं, काही विकत न घेताही, फुकट परत घ्यावी लागतात. तिथेच द्या.

दिल्यानंतरची नोंद

वहीत आयएमईआयसमोर तारीख आणि कुणाला दिला ते लिहा, पावतीचा फोटो काढून ठेवा. फोन पूर्वी कधी हरवला होता आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक केला होता, मग सापडला, असं झालं असेल तर देण्याआधी त्याच पोर्टलवर तो अनब्लॉक करा, नाहीतर घेणाऱ्याच्या हातात नेटवर्क न मिळणारा फोन जातो. आणि दिल्यावर "खबरदारी म्हणून" ब्लॉक करू नका. ती सोय हरवलेल्या आणि चोरीच्या फोनसाठी आहे. ज्याने तो दुरुस्त करून विकत घेतला असेल त्याचा फोन एका दिवसात मुका होईल, आणि अजून चालला असता असा एक संच भंगारात जाईल. जुना फोन विकत घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोन ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात तसं कळतं.